साडभाऊंचा उलटा पट

आमच्या साडभाऊंइतका अचूक माणूस गडचिरोली जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि चंद्रपूर जिल्ह्यात झाला असेल तर तो अजून साडभाऊंना भेटायचा आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. चामोर्शीकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात त्यांची उभी नोकरी झाली आणि त्या नोकरीत त्यांचं निदान एकदाही चुकलं नाही. जनावरं मात्र अधूनमधून चुकत. सिंदेवाहीला आमच्या सासऱ्यांच्या गाईकडे लांबून बघत त्यांनी गोऱ्हा होणार म्हणून सांगितलं होतं. गाय व्याली आणि कालवड झाली. सगळं घर साडभाऊंच्या तोंडाकडे पाहू लागलं. त्यांनी शांतपणे हात धुतले आणि म्हणाले, "मी तं बरोबरच सांगतलं होतं. गाईनं धोका देला."

माणसांनाही ते त्याच नजरेनं बघत. लग्नात नवरदेवाच्या दातांकडे, चालण्याकडे, पाठीच्या कण्याकडे त्यांचं लक्ष. माझ्या लग्नात मी पंगतीत लाजून अर्धी पोळी टाकली, ते त्यांनी समोरच्या रांगेतून पाहिलं आणि सासऱ्यांच्या कानाशी लागून शेरा दिला, की चारा कमी खाते, पण राबन. ही गोष्ट मला बायकोनं पुढं सांगितली. तेव्हापासून आजपर्यंत त्या शेऱ्याला आपण पुरे पडलो की नाही, ही काळजी मी वाहतो आहे. तसं मला अपराधी वाटायला फार मोठं कारण लागत नाही. एसटी उशिरा आली तरी बाकीच्या प्रवाशांपुढे मला ओशाळल्यासारखं होतं.

अशा माणसानं संगणक घ्यायला नको होता, पण मी घेतला. मुलं शिकतील, असं घरात सांगितलं. मग मुलांनी हात लावला की बिघडेल म्हणून मुलांना हात लावू दिला नाही. बायकोनं त्याला फुलाफुलांचं झाकण शिवलं. सकाळी पूजा झाली की मी ते झाकण काढून पुसत असे आणि ऑफिसला जाताना परत घालत असे. गडचिरोलीत आमच्या गल्लीत तो पहिलाच संगणक, त्यामुळे मला त्यातलं सगळं कळतं असा लोकांचा समज झाला. मी तो खोडून काढला नाही. खोडून काढायचं मनात होतं, पण समज इतका चांगला होता की धीर झाला नाही.

हा समज साडभाऊंपर्यंत पोचला आणि एका रविवारी सकाळच्या गाडीनं ते आमच्या दारात उतरले. खांद्याला लसीचा डबा होता. गावोगाव जनावरांच्या लसी बर्फात ठेवून नेतात, तो जाड भिंतींचा निळा डबा. त्यांनी तो टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, आतल्या बर्फाच्या पुड्यांमधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक सीडी काढली आणि म्हणाले, "उन्हाचे दिवस हायेत. गरमीनं खराब झाली असती."

सीडीला घाम फुटला होता. मी ती तशीच आत सरकवली. आतून घरघर ऐकू आली, मग ठसका लागल्यासारखा आवाज आला आणि संगणकानं ती बाहेर काढून दिली. साडभाऊंनी मान हलवली. "थंडी बसली," म्हणाले.

त्या सीडीत काय होतं ते मला सगळ्या नातेवाइकांइतकंच ठाऊक होतं. त्यांच्या मूळ गावी, मुलचेऱ्याच्या बाजूला, दरवर्षी शंकरपट भरे. बैलजोड्यांच्या शर्यती. दोन छकडे शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवरून सुटतात आणि शेवटाला एक माणूस दोन हातांत दोन झेंड्या घेऊन उभा असतो. डावीकडची जोडी आधी आली तर लाल वर, उजवीकडची आली तर पांढरी. त्याच्या झेंडीवर बोलायचं नसतं. कधीही न चुकणारा माणूस म्हणून झेंडी वर्षानुवर्षं साडभाऊंकडे होती. एका वर्षी शेवटच्या फेरीत डाव्या पट्टीवर त्यांच्या धाकट्या भावाची जोडी आली, छकड्यावर भाऊ स्वतः उभा. दोन्ही जोड्या धुळीसकट अंगावर आल्या आणि साडभाऊंनी पांढरी झेंडी वर केली. भाऊ काही बोलला नाही. त्यानं बैल सोडले, त्यांना पाणी पाजलं आणि घरी निघून गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच्या घरचं लग्न दुसऱ्यानं मांडवाबाहेरून पाहिलं.

भावाच्या रागाचं साडभाऊंना फार वाटलं नाही, हरलेला माणूस रागावतोच. त्यांना टोचलं ते वेगळंच. चहाच्या टपरीवर कोणीतरी त्यांच्या कानावर पडेल असं म्हणालं, की सख्खा भाऊ होता म्हणून पाडला, आपण साफ दिसावं म्हणून. हे वाक्य त्यांच्या अंगात काट्यासारखं राहिलं. पटाचं शूटिंग झालं होतं. पण शूटिंगवाल्यानं मूळ कॅसेटवर नंतर कोणाचं तरी लग्न चढवलं आणि दुकान बंद करून तो नागपूरला निघून गेला. जाण्याआधी त्यानं आपल्या संगणकातून एक सीडी काढून दिली होती, ती हीच. टीव्हीखालच्या प्लेअरला ती चालत नव्हती. ती फक्त संगणकावर दिसेल, असं तो सांगून गेला होता. आणि आमच्या साऱ्या गोतावळ्यात संगणक एकट्या माझ्याकडे होता.

मी त्यांना म्हणालो, होऊन जाईल. हे दोन शब्द मी का बोललो ते मला आजही सांगता येत नाही.

सीडी उन्हात वाळवल्यावर संगणकानं ती घेतली, पण पडद्यावर काळोखच. आवाज मात्र येऊ लागला. कर्ण्यावरून कोणी जोड्यांची नावं पुकारत होतं, माणसं ओरडत होती, मध्येच घुंगरं. साडभाऊंनी संगणकाच्या डब्याला कान लावला, मागच्या बाजूला पालथा हात ठेवून ताप पाहिला आणि समोरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते आपल्या घड्याळावर मोजलं. मग मला विचारलं, "आखरी काय खाल्लं यानं?" मी आठवून सांगितलं, की मागच्या आठवड्यात पत्त्यांचा खेळ टाकला होता. "थोच बाधला," ते म्हणाले. मी तो खेळ काढून टाकला. माझा फार आवडता खेळ होता.

पुढच्या खेपेपर्यंत मी बाजारातल्या चाचांकडे जाऊन आलो. चाचांचं घराणं घड्याळांचं आणि रेडिओचं, पण काळ बघून त्यांनी काउंटरच्या अर्ध्या भागात संगणक मांडले होते. कोणताही आजार सांगा, चाचा त्यावर काहीतरी विकत. आवाज येतो पण चित्र नाही, असं मी सांगितलं तर त्यांनी आधी मला नवे स्पीकर दिले. मी ते घेतलेही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं: "भाऊ, फाईल तो है, पण तिचा कोडेक नाही ना तुमच्यात. ताला है, चाबी नाही." कोडेक म्हणजे चित्र उलगडून दाखवणारी एक बारकी फाईल. ती त्यांनी एका सीडीवर दिली. मी घरी येऊन टाकली. आता चित्र आलं, आवाज गेला. नवे स्पीकर मुके. मी वायरी काढल्या, फुंकल्या, परत घातल्या. साडभाऊ येत, बसत, बिनआवाजाचे बैल दोन मिनिटं पाहत आणि घसा धरला म्हणत. बऱ्याच आठवड्यांनी केर काढताना माझ्या बायकोला दिसलं, की स्पीकरची वायर मी माईकच्या भोकात खुपसली आहे आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर बारीकशी लाल फुली आहे. हे साडभाऊंना सांगायची मला लाज वाटली. मी सांगितलं, की आपोआप बरा झाला. ते म्हणाले, होते बरं, जनावराले टाइम द्यावा लागते.

सीडी चाचांच्याच दुकानात नेऊन एकदाची पाहून घ्यावी, असं मी एकदा सुचवलं होतं. साडभाऊंनी ती लगेच डब्यात परत ठेवली. "घरचं जनावर बाजारात दाखवत नाई, भाऊ," म्हणाले. तिथं चार लोक गोळा झाले असते, आणि ते त्यांना नको होतं.

चित्र आणि आवाज दोन्ही एकदम आले तो रविवार मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी चित्र उलटं आलं. वर माती, खाली आभाळ. बैल छतावरच्या पालीसारखे उलटे धावत होते आणि धुरकरी, म्हणजे छकडा हाकणारे, आभाळात डोकं खुपसून उभे. चाचांच्या कोडेकमध्ये काही उणंअधिक असावं. मी सगळी बटणं दाबून पाहिली. साडभाऊ कमरेत वाकले, मान उलटी करून पायांमधून बघू लागले, तसे त्यांना चक्कर आली. मग त्यांनी मला व्यवहाराची गोष्ट सांगितली: वासरू पोटात उलटं फिरलं असेल तर गाईला दोष देत नाहीत, वासराला फिरवतात. आम्ही टीव्हीसारखा तो अवजड पडदा दोघांनी मिळून उचलला, तांदळाच्या पोत्यावर उशी ठेवली आणि त्यावर तो डोक्यावर उभा केला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, की शेजाऱ्यांपैकी कोणी आलं तर दार उघडायचं का.

चित्र सरळ झालं. आम्हाला इतका आनंद झाला की डाव्या कोपऱ्यात उमटलेला जांभळा डाग आम्ही मनावर घेतला नाही. बैल नीट जमिनीवरून धावू लागले. एकेक फेरी झाली, जोड्यांवर साडभाऊंचे शेरे चालू झाले, हा उजवा आळशी, त्याची मान पहा. शेवटची फेरी आली. भावाची जोडी सुटली, अर्ध्या पट्टीपर्यंत आली, आणि चारही बैल पाय हवेत ठेवून जागच्या जागी थांबले. संगणकातून बारीक कुरकुर येत राहिली. "रवंथ करून राह्यला," साडभाऊ म्हणाले, "करू द्या." आम्ही करू दिलं. बैल तसेच. मग भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली. अंधारलेल्या उलट्या पडद्यापुढे आम्ही दोघं पंख्याविना घाम पुसत बसलो. मी पडदा परत सरळ केला, जांभळा डाग उजव्या कोपऱ्यात गेला आणि आजन्म तिथंच राहिला.

हे असं वर्ष-दीड वर्ष चाललं. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी साडभाऊ यायचे. खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. खुर्चीत पाठीचा कणा आळशी होतो, म्हणून ते सतरंजीवर मांडी घालत. येताना कधी परसातली वांगी, कधी मोहाची फुलं, कधी बाजारातले झिंगे आणत. जेवताना माझ्या ताटाकडे लक्ष ठेवत आणि मी नाही म्हणालो की बायकोला खूण करून भात वाढायला लावत. माझ्या ऑफिसातल्या तक्रारी त्यांच्याइतक्या मन लावून कोणी ऐकल्या नसतील. माझ्या साहेबांना खुरकूत झाली असावी, हे त्यांचं निदान मला अजूनही पटतं.

शेवटी उपाय फार साधा निघाला. तो मला पहिल्याच रविवारी सुचायला हवा होता. चाचांनी चित्र सरळ दाखवणारा दुसरा प्लेअर दिला आणि सहज विचारलं, की सीडीवरून थेट कशाला चालवता, आधी मशीनमध्ये उतरवून घ्या. त्या खेपेला साडभाऊ सीडी आमच्याकडेच ठेवून गेले होते, ती मी उतरवून घेतली. दुपारभर संगणक घरघरत राहिला. संध्याकाळी मी फाईल उघडून पहिल्या दोन जोड्या पाहिल्या. चित्र सरळ, आवाज स्वच्छ, कुठं अडत नव्हतं. मी तिथंच थांबवलं. पुढचं बघायचा हक्क माझा नव्हता.

त्या रविवारी मी साडभाऊंना दारातच सांगितलं, की झालं, आज शेवटपर्यंत दिसेल. मला वाटलं होतं ते पाठ थोपटतील. ते म्हणाले, आधी चहा घेऊ. चहा झाल्यावर म्हणाले, आज अमावस्या आहे. मी कॅलेंडर पाहिलं, तर नव्हती. मग त्यांना आमच्या शेजाऱ्याच्या लंगड्या बकरीची आठवण झाली आणि ते तिला बघून आले. मग संगणकाच्या डब्याला हात लावून म्हणाले, की याचं अंग गरम लागते, पुढच्या खेपेला पाहू. संगणक तेव्हा बंद होता.

त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना, म्हणून मी झाकणावरची फुलं बघत राहिलो. बायको हात पुसत बाहेर आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, पाहाचं नसन तं नका पाहू. कोणी जबरदस्ती करून नाई राह्यलं. पण मंग ते डब्यात घेऊन फिरनं बंद करा."

साडभाऊ सतरंजीवरून पडद्यासमोर सरकले. मग मला म्हणाले, "लावा, भाऊ."

मी लावलं. शेवटच्या फेरीवर आणलं. जोड्या सुटल्या. आता कुठं अडलं नाही. शूटिंगवाला पट्टीच्या शेवटाला, थोडा उंचावर उभा असावा, कारण दोन्ही पट्ट्या आणि त्यांच्या टोकाला उभे असलेले साडभाऊ असं सगळं एकाच चित्रात होतं. दोन्ही हातांत झेंड्या, डोक्याला फेटा, ताठ. बैल जवळ आले तसा लोकांचा कल्लोळ वाढला. धूळ उठली, पण मागून. पुढची तोंडं स्वच्छ दिसत होती. डावी जोडी, भावाची, अर्धं मुस्कट पुढे होती. तशीच रेषेवरून गेली. त्याच क्षणी रेषेवरच्या माणसाची मान वळलेली होती. बैलांकडे नाही. मंडपात बसलेल्या पंचमंडळींकडे आणि त्यांच्यामागच्या गर्दीकडे. मग ती मान घाईनं परत फिरली, बैल निघून गेले होते, आणि पांढरी झेंडी वर गेली.

"अजून एकदा," साडभाऊ म्हणाले. मी परत लावलं. तिसऱ्यांदा लावायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला.

"मी बैल पाह्यलेच नाई, भाऊ. भावाची जोडी आली म्हणून लोकं काय म्हणतीन, थेच पाहून राह्यलो होतो."

हे ऐकून आपण कुठंतरी जाऊन लपावं, असं मला झालं. कधी न चुकणाऱ्या माणसाची चूक माझ्या घरात, माझ्या पडद्यावर, जांभळ्या डागासकट दिसली होती. मी काहीतरी समजुतीचं बोलू लागलो, की अर्ध्या मुस्कटाचा फरक कोणाला दिसणार, डोळ्यांवर ऊन, त्यात धूळ. साडभाऊंनी ऐकून घेतलं नाही. चपला घालून ते म्हणाले, की गाडी काढा.

माझी जुनी मोटारसायकल होती. आम्ही चामोर्शी सोडून पुढे मुलचेऱ्याच्या रस्त्याला लागलो. वाट सागाच्या जंगलातली होती. मी मनातल्या मनात बोलत होतो. ती वायर मी पहिल्याच दिवशी नीट खोचली असती, फाईल वेळेवर उतरवली असती, तर हा रस्ता वर्षभर आधी झाला असता, दोन भावांचं एक वर्ष माझ्या बावळटपणानं खाल्लं. या विचारात मी दोनदा खड्ड्यात गाडी घातली. मागून त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला, एवढंच.

भाऊ अंगणात दावं वळत बसला होता. आम्हाला पाहून तो उठला नाही आणि दावंही खाली ठेवलं नाही. साडभाऊ त्याच्यासमोर उभे राहिले. मी गाडीपाशीच थांबलो होतो, तिथवर त्यांचा आवाज स्पष्ट आला.

"तुही जोडी पहिली आली होती. मी चुकलो."

भावानं दाव्याला आणखी एक पीळ दिला. "बैलाईले मालूम होतं, मले मालूम होतं. तुलेच मालूम व्हाचं होतं, दादा."

"मंग बोलला काऊन नाई?"

"झेंडीवर बोलाचं नसते," भाऊ म्हणाला. मग खाली बघतच, "आन् तू येशीन असं वाटत होतं."

साडभाऊ तिथंच उकिडवे बसले. भावजय पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं तो दोघांच्या मध्ये ठेवला. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. थोड्या वेळानं भावानं गोठ्याकडे हनुवटी केली आणि म्हणाला, की कालवडीचा मागचा पाय सुजला आहे, कोणाले दाखवला नाई. साडभाऊ लगेच उठले. गोठ्यातून त्यांचं जे बोलणं ऐकू येऊ लागलं ते कालवडीशी होतं की भावाशी, हे मला बाहेर कळत नव्हतं. मी परतलो तेव्हा ते तिथंच राहिले होते.

त्यानंतर साडभाऊ आमच्याकडे रविवारी आले नाहीत. येण्याचं कारणच उरलं नाही, आणि रविवार आता त्यांना भावाकडे लागत होता. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे मी स्वतःला पुष्कळदा बजावलं. आनंद होताच. पण रविवारी सकाळच्या गाडीच्या वेळेला मी उगाच दारात जाऊन उभा राहत असे, आणि बायको आतून विचारत असे, कोणाची वाट पाहून राह्यले. संगणक चांगला चालत होता. त्याच्यावर बघण्यासारखं मात्र माझ्याकडे काही नव्हतं.

धान कापणीच्या दिवसांत मी एकदा त्यांना फोन केला. काम काहीच नव्हतं. मागून मळणीचा आवाज येत होता, ते भावाच्याच शेतावर होते. या एकदा, मी म्हणालो. येतो, ते म्हणाले, धान घरात आलं की येतो. मग मागून भावानं ओरडून विचारलेलं ऐकू आलं, की कोणाचा फोन हाये. साडभाऊंनी फोन कानापासून दूर केला असावा, तरी मला ऐकू आलंच.

"आपले गडचिरोलीवाले," ते म्हणाले. "काही काम नाई त्याईचं. आठवण आली म्हणते."

काम नव्हतं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, आणि आठवण आली हेही नाही.